दुसरी सही

लिफ्टचं दार मिटत होतं, त्यात मी हात घातला. आत वॉर्डातल्या मावशी रक्ताची पिशवी थंड डब्यात घालून उभ्या होत्या, त्या दचकल्या. मी म्हटलं, सही राहिलीय, जरा दाखवा. सही राहिलेली नव्हती. मी डबा उघडला, पिशवी उलटी करून लेबल वाचलं आणि हातातल्या चिठ्ठीच्या प्रतीशी ताडून पाहिलं. शेवटचे आकडे चार, एक, सात. चिठ्ठीवरही चार, एक, सात. रक्तगट तोच, मुदत संपायची तारीख पुढची, पेशंटचं नाव तेच. सगळं जागच्या जागी होतं. फक्त दोन मिनिटांपूर्वी खिडकीपाशी उभं राहून मी ती चिठ्ठी मोठ्यानं वाचली, तेव्हा माझी जीभ घसरली होती आणि मी चार, सात, एक असं म्हटलं होतं. आणि माझ्यासमोर तीच पिशवी दोन्ही हातांत धरून, लेबलाकडे बघत मास्तर म्हणाले होते, "चार, सात, एक. बरोबर." मग आम्ही दोघांनी सह्या केल्या होत्या. पहिली माझी, दुसरी त्यांची. मावशींनी विचारलं, झालं का हो ताई, वर थांबलेत. मी मान हलवली. लिफ्ट गेली आणि मी तिथेच पॅसेजमध्ये भिंतीला हात टेकून उभी राहिले.

आमची रक्तपेढी म्हणजे तळमजल्यावरच्या तीन खोल्या. एका खोलीत फ्रीज, एका खोलीत तपासणीची टेबलं, आणि तिसरीला बाहेर उघडणारी खिडकी. मोठ्या इस्पितळांत म्हणे यंत्र लेबल वाचतं आणि चुकलं तर ओरडतं. आमच्याकडे तोंडानं वाचतात. एकानं चिठ्ठी धरायची, दुसऱ्यानं पिशवी. चिठ्ठीवाल्यानं नंबर वाचायचा, पिशवीवाल्यानं पिशवीवरचा नंबर बघून तो परत म्हणायचा. नुसतं 'हो' म्हटलेलं चालत नाही, अख्खा नंबर म्हणायचा. हा नियम मास्तरांचाच. मी तेविसाव्या वर्षी इथे आले तेव्हा त्यांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं की 'हो' म्हणायला डोळे लागत नाहीत, नंबर म्हणायला लागतात. ते कुठल्या शाळेत कधी शिकवायला नव्हते. पण या खोल्यांत आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला पिशवी कशी धरायची इथपासून त्यांनीच शिकवलं, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणतात, अगदी मोठ्या डॉक्टरीणबाईसुद्धा. आणि आता त्यांनीच दाखवून दिलं होतं की नंबर म्हणायलाही डोळे लागत नाहीत. कान पुरतात.

मला धक्का बसला म्हणावं, तर कशाचा? मास्तरांना दिसत नाही हे मला माहीत होतं, हे मी आधीच सांगून टाकते. उगाच ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. चहा ओतताना ते कपात बोट घालून अंदाज घ्यायला लागले होते. रजिस्टरात माझ्या सहीवरच त्यांची सही पडायला लागली होती. समोरच्याकडे बघताना त्याच्या कानाकडे बघितल्यासारखं बघत, कारण सरळ बघितलं की मधलं पुसलं जात असावं. मार्चमधल्या एका सोमवारी त्यांनी मला पेन समजून थर्मामीटर दिला आणि मी तो घेऊन 'थँक्यू मास्तर' म्हटलं. त्याच दिवशी मी ठरवलं होतं की आपण सांभाळून घ्यायचं. त्यांच्या हातातल्या पिशवीकडे आपणच मान वाकडी करून बघायचं आणि मग चिठ्ठी वाचायची. म्हणजे दोन्हीकडून मीच. ते नुसते माझ्यामागून म्हणणार. कोणाचं काही बिघडत नाही आणि एका म्हाताऱ्या माणसाची अब्रू राहते. झाकली मूठ. वर्ष-सव्वा वर्षात ते निवृत्त होणारच होते. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको गेली, तेव्हा मी भेटायला गेले होते. नीटनेटकं घर, भिंतीवर तीन घड्याळं, तिन्ही चालू. मी काय बोलणार, प्रभू तुम्हाला धीर देवो एवढंच म्हटलं. ते म्हणाले, "नोकरी आहे म्हणून सकाळ होते गं माझी." ते वाक्य माझ्या मनात खिळ्यासारखं बसलं. त्यांच्याकडून ती सकाळ मी काढून घेणार होते का?

पण पॅसेजमध्ये उभी असताना मला जी भीती वाटली ती मास्तरांमुळे नव्हती. मला आठवेना की आज सकाळी मी मान वाकडी केली होती का. पिशवी डोळ्यांसमोर आणून बघितली. मास्तरांची बोटं दिसली, नखं स्वच्छ कापलेली, पिशवीवरचं गारव्याचं दव दिसलं. लेबल दिसेना. मग काल? काल पाच पिशव्या गेल्या होत्या, त्यातली एकही आठवेना. परवा फोन वाजत होता आणि मी वाचता वाचता फोनकडे बघत होते. मी चिठ्ठी वाचायची, समोरून खणखणीत आवाजात नंबर परत यायचा, आणि तो आवाज ऐकून माझं मन निश्चिंत व्हायचं. तेवीस वर्षांची सवय. तो आवाज माझाच परत येतोय हे माहीत असूनसुद्धा निश्चिंत व्हायचं. म्हणजे मास्तर माझ्या भरवशावर होते आणि मी त्यांच्या, आणि पिशवीकडे कोणीच बघत नव्हतं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात, त्यातलं आंधळं कोण होतं ते मला त्या भिंतीपाशी कळलं.

मी परत आले तेव्हा मास्तर टेबलापाशी बसून नळ्यांचा स्टँड बोटांनी चाचपून सरळ करत होते. कुठे पळालीस म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मावशींचा डबा उघडा राहिला होता. थापा मारण्यात मी किती तयार झाले होते. ते हसले आणि म्हणाले, तुझ्यासारखी माणसं आहेत म्हणून तुझ्या देवाचं दुकान चालतं. ते नेहमीच अशी थट्टा करतात, त्यात वाईट काही नसतं. मी चर्चमध्ये उपासनेला जाते, रविवारी ड्यूटी लागली तर बदलून घेते, जेवणाआधी डबा उघडा ठेवून क्षणभर डोळे मिटते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. जेवणाच्या सुट्टीत कोणी रडत आलं तर ते माझ्याचकडे येतं. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू. आमच्या मंडळीतही आजाऱ्यांच्या भेटी माझ्याकडेच असतात. पाळकसाहेब एकदा सगळ्यांसमोर म्हणाले होते की दया या बहिणीच्या घरात पिढीजात आहे, हिची आई आठवा. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. मी खाली बघितलं होतं. लोकांना ती नम्रता वाटली.

आई. दयेची गोष्ट निघाली की आई येणारच. माझे वडील कागद कापायच्या कारखान्यात होते. मोठं पातं असलेलं यंत्र, एकानं कागदाचा गठ्ठा सरळ लावायचा आणि दुसऱ्यानं दांडा ओढायचा. वडील दांड्यावर असत. त्यांच्याबरोबर गठ्ठा लावणारे एक काका होते, आमच्याच गल्लीत राहणारे, रोज सकाळी वडिलांना हाक मारून बरोबर न्यायचे. वडील प्यायचे. हे मंडळीत कोणाला माहीत नव्हतं, कारण आईनं ते कोणाला माहीत होऊ दिलं नव्हतं. त्यांना कधी ताप असायचा, कधी पित्त, कधी डोकं धरलेलं असायचं. आईनं दुखण्यांची अशी काही यादी तयार केली होती की एखाद्या डॉक्टरला लाज वाटावी. एका सकाळी काकांनी हाक मारली तेव्हा वडील धड उभेही नव्हते. आईनं त्यांचं तोंड धुतलं, शर्टाची बटणं लावली आणि दारात काकांना सांगितलं की जरा कणकण आहे, पण घरी बसवत नाही म्हणतात, तुम्ही जरा सांभाळून घ्या. काका म्हणाले, वहिनी, काळजी करू नका. मी तेव्हा नऊ वर्षांची होते, पायरीवर बसून बूट घालत होते. दुपारी बातमी आली. काकांच्या उजव्या हाताची चार बोटं गेली होती. कणकण असलेल्या माणसाला त्रास नको म्हणून त्या दिवशी काका दुप्पट वेगानं गठ्ठे लावत होते, आणि दांडा वेळेआधी खाली आला.

त्यानंतर दर रविवारी उपासना झाली की आई काकांकडे डबा घेऊन जायची. डबा मी धरायची. अकरा वर्षं. पुढे वडील गेले, आम्ही घर बदललं, तरी आईनं तो रविवार सोडला नाही. काका डाव्या हातानं जेवायचे आणि म्हणायचे, वहिनी म्हणजे देवमाणूस. आई तेव्हा भांड्याच्या झाकणाकडे बघत असायची. मंडळीत तिचं उदाहरण द्यायचे, की नवऱ्याच्या हातून अपघात झाला, पण या बाईनं त्या घराला अंतर दिलं नाही. काका गेले, त्यांना पुरून आम्ही चालत घरी येत होतो, तेव्हा वाटेत आई थांबली. "मी त्यांना कधी सांगितलंच नाही," ती म्हणाली. मी विचारलं काय, तरी मला कळलं होतं. ती म्हणाली, "खरं सांगितलं असतं तर ते त्या दिवशी पात्याखाली हात घालते का?" आणि मग चालायला लागली. याहून जास्त ती त्या विषयावर कधी बोलली नाही. मला मात्र तेव्हापासून असं वाटतं की त्या डब्याचा वास माझ्या हाताला आहे. दया म्हणजे काय असं मला कोणी विचारलं तर मी पटकन उत्तर देत नाही.

आणि तरी मी तेच केलं. तोंड धुतलं, बटणं लावली आणि दारातून आत ढकललं. फरक एवढाच की काकांना मी ओळखत होते. इथे ज्यांच्या शिरेत ती पिशवी चढणार त्यांची मी तोंडंही पाहिलेली नसतात. खिडकीतून फक्त हात येतात. रात्री जेवताना मी प्रार्थनेत मास्तरांच्या डोळ्यांसाठी मागायची, रोज, न चुकता. डोळे प्रभूवर सोपवले होते आणि मला आता दिसत होतं की त्यांच्याबरोबर पिशव्याही मी गुपचूप त्याच्यावरच सोपवून मोकळी झाले होते. वॉर्डात सिस्टर पुन्हा एकदा बघतात की, असंही मी स्वतःला सांगायची. त्या सिस्टर काय म्हणत असतील? रक्तपेढीत दोघं बघतात की.

दुपारपर्यंत मी काम केलं ते कसं केलं ते मला सांगता येणार नाही. तीन वेळा मास्तरांशी बोलायला गेले आणि तिन्ही वेळा ते न सांगताच परत आले. एकदा चहाचं विचारलं. एकदा म्हटलं की डोळ्यांचा एक चांगला डॉक्टर आहे, माझ्या ओळखीत, चष्म्याचा नंबर सगळ्यांनीच बघायला हवा, मीही जाणार आहे. ते म्हणाले, जा की, तुला गरज आहे, सकाळी चिठ्ठी किती हळू वाचत होतीस. मला हसू आलं आणि त्याच क्षणी त्यांचा संतापही आला. हा माणूस मला खेळवतोय का? त्यांना माहीत आहे का की मला माहीत आहे? तेवीस वर्षं एका टेबलावर काढलेली माणसं एकमेकांशी इतका वेळ खोटं बोलत राहिली तर खोट्याचीही सवय होते, बसायच्या खुर्चीसारखी. तिसऱ्या वेळी मी त्यांच्या पाठीशी जाऊन उभी राहिले. ते लेबलांचं रीळ नाकापाशी धरून, मान तिरकी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून काहीतरी वाचायची धडपड करत होते. मानेची शीर ताणली होती. मी आवाज न करता मागे आले. त्यांच्याबद्दल मला इतकी माया वाटली की रडू आलं. मायेनं पिशवी वाचता येत नाही हे कळूनही वाटली.

तीन वाजून गेल्यावर थिएटरातून फोन आला. बाळंतीण होती, रक्त थांबत नव्हतं, चार पिशव्या ताबडतोब. नमुना सकाळीच आला होता, तपासणी मीच केली होती, पिशव्या बाजूला काढून ठेवलेल्या होत्या. मी फ्रीजमधून चारही काढल्या. एरवी मी काढता काढता नंबर पुटपुटते. मला जाणवलं की माझ्या मागे उभे असलेले मास्तर कान देऊन ऐकत आहेत, आणि हेही जाणवलं की आज मी ओठ घट्ट मिटून घेतलेत. मी ते ठरवून केलं होतं का? त्या वेळी मला ते ठाऊक नव्हतं. खिडकीपाशी थिएटरची सिस्टर आली होती, डोक्याला टोपी, हातमोजे तसेच. ती म्हणाली, लवकर हो ताई. मास्तरांनी सवयीनं हात पुढे केले, पिशवी घेण्यासाठी. गेल्या कित्येक दिवसांत ते कधी चिठ्ठी घेत नसत, नेहमी पिशवीच. चिठ्ठी घेणाऱ्याला आधी वाचावं लागतं.

"मास्तर," मी म्हटलं, "आज पिशव्या मी धरते. चिठ्ठी तुम्ही वाचा."

आणि चिठ्ठी त्यांच्या पुढे केलेल्या हातात ठेवली. माझा आवाज अगदी साधा निघाला. त्यांनी चिठ्ठी धरली. डोळ्यांपासून लांब नेली, जवळ आणली, मान डावीकडे कलती केली. मी पहिली पिशवी दोन्ही हातांत धरून उभी होते, तिचा गारवा तळव्यांतून मनगटात चढत होता, आणि लेबलावरचा नंबर मला इतका स्वच्छ दिसत होता की तो मला आजही पाठ आहे. मास्तर म्हणाले, चष्मा कुठे ठेवला मी. चष्मा त्यांच्या नाकावर होता. सिस्टरनं माझ्याकडे बघितलं. एक वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं होतं, 'द्या इकडे, मीच वाचते.' केवढं सोपं वाक्य. त्यात सगळ्यांचं भलं होतं, पिशव्या वेळेत गेल्या असत्या, मी दोन्हीकडचं नीट बघून घेतलं असतं, मास्तरांची मान खाली गेली नसती. आईनं ते म्हटलं असतं. मी दात दाताला लावून उभी राहिले. मला प्रार्थना करायची होती पण शब्द सुचेनात, फक्त त्यांच्या हातातली चिठ्ठी दिसत होती. किती वेळ गेला? सिस्टर नंतर म्हणाली, पाच-सहा सेकंद. मला विचाराल तर तेवढ्यात डाव्या हातानं जेवणारे काका जेवून उठले असते.

मग मास्तरांनी चिठ्ठी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली, तळव्यानं सपाट केली आणि म्हणाले, "सिस्टर, मला दिसत नाही. " आणि मला म्हणाले, "आतून डॉक्टरीणबाईंना बोलाव."

मी धावत गेले. बाई आल्या, त्यांनी चिठ्ठी वाचली, मी पिशवीवरचे नंबर बघून म्हटले, चारही. दुसरी सही त्यांची झाली. सिस्टर डबा घेऊन पळाली. पुढे तासाभरानं थिएटरातून कळलं की बाळंतीण सावरली, पण त्या वेळी आम्हाला ते माहीत नव्हतं. बाईंनी खिडकी बंद केली आणि खुर्चीत बसल्या. त्या माझ्याहून वयानं लहान आहेत, बोलायला तुटक, पण वाईट नाहीत. मास्तर उभेच होते, भिंतीला पाठ लावून, शिक्षा झालेल्या मुलासारखे. मला त्यांच्याकडे बघवेना. बाईंनी विचारलं, "कधीपासून, मास्तर?"

"आज सकाळपासून," मास्तर म्हणाले. "उठलो तर समोर मधोमध राखेसारखा डाग. वाटलं, जाईल. म्हणून बोललो नाही. हिला काही माहीत नाही."

शेवटचं वाक्य त्यांनी माझ्या दिशेनं न बघता म्हटलं, पण ते माझ्यासाठी होतं. म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. मी मान वाकडी करून बघायची तेही, थर्मामीटर घेऊन थँक्यू म्हटलेलं तेही. मी त्यांना उघडं पाडलं होतं, परक्या बाईसमोर, आणि त्याच्या बदल्यात तीन मिनिटांच्या आत हा माणूस मला पाठीशी घालत होता. माझं काहीच जाणार नव्हतं. त्यांना आजारपणाची रजा मिळाली असती, लोकांनी हळहळ केली असती, मी फळं घेऊन भेटायला गेले असते. दर रविवारी गेले असते. बाईंनी सुटकेचा श्वास सोडला तो मी ऐकला. त्या म्हणाल्या, "मग आजच्याच पिशव्या बघायला हव्यात. किती गेल्या सकाळपासून?" आणि त्यांनी रजिस्टरचं शेवटचं पान उघडलं. फक्त शेवटचं पान. त्याच्या मागे पानंच्या पानं होती, प्रत्येक ओळीत एक नाव, एक वय, एक नंबर, आणि माझी सही. त्यातला कोणी घरी जाऊन तापानं फणफणत असेल, कोणाचे डोळे पिवळे झाले असतील, आणि डॉक्टर म्हणत असेल कशानं झालं कळत नाही. कदाचित कोणीच नसेल. पण ते पान उघडल्याशिवाय कोणालाच कळणार नव्हतं, आणि मास्तरांच्या चांगुलपणानं ते आत्ताच मिटलं होतं.

भीती वाटत होती. नोकरीची वाटली, कोर्टाची वाटली, मंडळीत कोण काय म्हणेल याचीसुद्धा वाटली, एवढी मी क्षुद्र आहे. मी खुर्चीच्या पाठीला धरलं.

"आजपासून नाही," मी म्हटलं. "नऊ मार्चपासून. सोमवार होता. त्या दिवसापासून मला माहीत आहे."

"गप्प बस," मास्तर म्हणाले.

"मी ठरवलं होतं की दोन्हीकडचं मीच बघीन. काही दिवस बघितलं. मग बघायचं राहून गेलं. कधीपासून राहिलं ते मला सांगता येत नाही. त्यामुळे नऊ मार्चपासूनच्या सगळ्या पिशव्या बघायला लागतील."

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मास्तरांकडे नाही, माझ्याकडे. मी असं काही ऐकायची तयारी केली होती की हे तुम्ही, तुमच्यासारखी बाई. त्यांनी तसं काही म्हटलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं की हे लिहून द्याल का, आणि मी हो म्हटलं. मास्तर चाचपडत खुर्चीकडे यायला लागले, तेव्हा मी पुढे होऊन त्यांचा कोपर धरला. त्यांनी तो झटकून काढून घेतला. "तुला वाचवत होतो मी," ते हळू आवाजात म्हणाले. "कळतंय का तुला काही?" मी म्हटलं, कळतंय. ते म्हणाले, नाही कळत. आणि त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला. मला त्यांच्या पायाशी बसून रडावंसं वाटत होतं आणि त्यांची क्षमा मागावीशी वाटत होती, पण क्षमा मागितली असती तर ती त्यांना द्यावी लागली असती, आणि तेवढं ओझं त्या दिवशी मी त्यांच्यावर आणखी टाकू शकत नव्हते. मी उभी राहिले.

बाईंनी कपाटातून मार्चचं रजिस्टर काढून माझ्यासमोर ठेवलं आणि वरच्या मजल्यावर जुने केसपेपर ठेवतात तिथे फोन लावला. वॉर्डात रक्त चढवलं की पिशवीच्या लेबलाचा तुकडा पेशंटच्या कागदावर चिकटवतात. आता वरून त्यांनी तो वाचायचा आणि इथून आम्ही आमची नोंद वाचायची, एकेक पेशंट घेऊन. फोन बाईंनी माझ्या हातात दिला. त्यांनी दया म्हणून दिला की शिक्षा म्हणून, ते मला कळलं नाही, आणि विचारायचं धाडस झालं नाही. नऊ तारखेच्या पहिल्या ओळीत एका बाईचं नाव होतं, वय एकतीस. मी ते नाव वाचलं. पलीकडचा कारकून म्हणाला, थांबा, काढतो. कागद सरकल्याचा आवाज येत राहिला. मग तो म्हणाला, हं, सापडला, आधी तुम्ही सांगा नंबर. मी सगळे आकडे एका दमात, एकमेकांवर ढकलत म्हटले आणि त्याला काही समजलं नाही.

"आकडे सुटे वाच," मास्तर खुर्चीतून म्हणाले. त्यांचा आवाज अजून रागावलेलाच होता. "आणि आधी तू सांगू नकोस. त्याला आधी वाचायला लाव. नाहीतर तो तुझ्यामागूनच म्हणेल."

मी फोनवर सांगितलं की आधी तुम्ही वाचा. पलीकडे तो चष्मा शोधत असावा. मग तो एकेक आकडा सावकाश वाचायला लागला, आणि मी रजिस्टरात प्रत्येक आकड्याखाली बोट ठेवत गेले.